उष्टा श्वास आणि वाद्याची शुद्धी

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ‘द्रव्यशुद्धी’ नावाचे एक प्रकरण असते. द्रव्य म्हणजे वापरातली वस्तू, आणि ती अशुद्ध झाली असता पुन्हा वापरण्याजोगी कशी करावी याचे नियम या प्रकरणात सांगितलेले असतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातले हे प्रकरण त्यातल्या बारकाव्यामुळे आजही वाचनीय वाटते. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांना क्षार, आंबट पदार्थ आणि पाणी लावावे, लाकडी वस्तू तासावी, मातीचे भांडे पुन्हा भाजावे, जमीन झाडावी, सारवावी, शिंपावी, खरवडावी आणि तीवर गाई बसवाव्यात, असे प्रत्येक पदार्थाच्या स्वभावाला धरून उपाय दिलेले आहेत. या तपशिलांबरोबर एक सर्वसाधारण कसोटीही तेथे आहे: अपवित्र पदार्थाने माखलेल्या वस्तूचा गंध आणि लेप जोवर जात नाही, तोवर माती आणि पाणी वापरत राहावे. ही कसोटी नाकाला आणि बोटाला पटणारी आहे. तिला शेवट आहे, कारण गंध गेला आणि लेप गेला की काम संपले, आणि ते संपले की नाही हे कोणालाही तपासता येते.

त्याच शास्त्रात अशुद्धीची दुसरीही एक कल्पना नांदते, आणि तिला मात्र गंधलेपाची कसोटी लागू पडत नाही. ती कल्पना म्हणजे उच्छिष्ट, रोजच्या बोलण्यातले उष्टे. तोंडाला लागलेली वस्तू डोळ्यांना लख्ख दिसली तरी ती उष्टी असते, आणि ती कोणाच्या तोंडाला लागली यावर तिचा दर्जा ठरतो. पहिल्या कल्पनेत अशुद्धी वस्तूवर बसलेली असते, तर दुसरीत ती दोन माणसांमधल्या संबंधात असते. मराठी घरांतले सोवळे या दोन्ही कल्पनांच्या मिश्रणातून घडले आहे, आणि एकाच नियमात स्वच्छता किती आणि उच्चनीचता किती हे वेगळे काढणे पिढ्यान्‌पिढ्या अवघड होऊन बसले आहे. हे वेगळे काढण्यासाठी अशी एखादी वस्तू तपासावी लागते, जी उष्टी झाल्यावाचून आपले कामच करू शकत नाही. माउथ ऑर्गन, म्हणजे हार्मोनिका, हे असे वाद्य आहे.

या वाद्याची रचना साधी आहे. मध्ये फणीच्या आकाराचा लाकडाचा, प्लॅस्टिकचा किंवा धातूचा सांगाडा असतो, त्याच्या वर आणि खाली एकेक पितळी पट्टी बसवलेली असते आणि त्या दोहोंवर पत्र्याची झाकणे असतात. प्रत्येक पट्टीत लांबट खाचा कापलेल्या असतात आणि प्रत्येक खाचेवर एक पातळ धातूची जीभ एका टोकाला रिव्हेटने पक्की केलेली असते. या जिभेला रीड म्हणतात. तिचे दुसरे टोक मोकळे असते आणि हवेच्या दाबाने ते खाचेतून आतबाहेर कापू लागले की सूर निघतो. दहा छिद्रांच्या सर्वपरिचित प्रकारात अशा वीस रीड असतात. वरच्या पट्टीवरच्या दहा रीड आतल्या बाजूला असून त्या फुंकल्यावर वाजतात, आणि खालच्या पट्टीवरच्या दहा रीड बाहेरच्या बाजूला असून त्या श्वास आत ओढल्यावर वाजतात. बासरी, सनई, तुतारी आणि शंख ही सारी वाद्ये बाहेर जाणाऱ्या श्वासावर चालतात. सनईवादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो आणि त्यामुळे त्याचा सूर अखंड राहतो, परंतु सनईच्या नळीतून वाहणारा वारा एकाच दिशेचा असतो. माउथ ऑर्गनमध्ये वारा दोन्ही दिशांनी वाहतो, आणि या लेखातल्या विवेचनाचा सारा भार या एका गोष्टीवर आहे.

रीड आणि खाचेची कड यांमधली फट केसापेक्षाही बारीक असते. फुंकलेला श्वास उबदार आणि दमट असतो. तो थंड पितळावर आदळला की त्याचे पाणी होते, त्यात लाळ मिसळते, आणि या पाण्याचा एखादा थेंब फटीत अडकला की रीड गप्प होते. पाणी सुकून गेले तरी लाळेतले आणि अन्नाचे कण मागे राहतात, त्यांचा पातळ थर रीडच्या मोकळ्या टोकावर साचतो, आणि टोकाचे वजन वाढल्यामुळे तिचा सूर किंचित उतरतो. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी मथियास होनर यांनी १८५७ साली सुरू केलेल्या कारखान्यातून १८९६ साली निघालेल्या ‘मरीन बँड’ या प्रसिद्ध नमुन्याचा सांगाडा नासपतीच्या लाकडाचा असे. सतत ओल लागून तो फुगे, त्याचे दाते छिद्रांच्या बाहेर डोकावत आणि वादकाच्या ओठांना काचत. म्हणूनच वादनापूर्वी चूळ भरावी, गोड खाऊन किंवा पिऊन लगेच वाद्य तोंडाला लावू नये, वादन संपल्यावर छिद्रे खाली करून ते तळहातावर हलके आपटावे, आणि ओले असताना पेटीत बंद न करता हवेवर सुकू द्यावे, असे अनुभवी वादक नवशिक्याला सांगतात.

वाद्य उघडून धुण्याची वेळ येते तेव्हा काम अधिक नाजूक होते. झाकणांचे स्क्रू काढून ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवावे लागतात, पितळी पट्ट्या सांगाड्यापासून सुट्या कराव्या लागतात, आणि मग मऊ ब्रशने एकेक रीड साफ करावी लागते. ब्रश नेहमी रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडे न्यायचा असतो. उलट्या दिशेने नेला तर त्याचा एखादा केस टोकाखाली अडकतो, जीभ वर उचलली जाते आणि तिचा कोन बिघडतो. बाजूने घासला तर रीड सरकून खाचेच्या कडेला घासू लागते. प्लॅस्टिकचा सांगाडा कोमट पाण्यात धुता येतो, पण लाकडी सांगाडा पाण्यात बुडवायचा नसतो. काळवंडलेल्या पितळी पट्ट्या सौम्य आम्लात थोडा वेळ ठेवून मग स्वच्छ पाण्याने धुतात, आणि फुगलेला लाकडी सांगाडा कारागीर घासून सपाट करतात. धातूला आंबट आणि पाणी, लाकडाला तासणे हे मनूचे दोन्ही उपाय येथे जसेच्या तसे भेटतात, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण पितळाचा आणि लाकडाचा स्वभाव तेव्हाही तोच होता. गंधलेपाची कसोटी कोणत्याही वाद्यदुरुस्तीच्या टेबलावर निःसंकोच लागू करता येते. प्रश्न उरतो तो उच्छिष्टाचा.

मुखातून निघणाऱ्या श्वासाविषयी परंपरेचे मत एकसारखे नाही, आणि हे वैविध्य नीट पाहिले पाहिजे. मनुस्मृतीच्या त्याच पाचव्या अध्यायात वाऱ्याला स्पर्शाने शुद्ध मानले आहे, आणि तोंडातून उडणारे थेंब माणसाला उष्टे करत नाहीत असेही म्हटले आहे. उलट चौथ्या अध्यायात अग्नी तोंडाने फुंकू नये असा निषेध आहे. धार्मिक विधींच्या ग्रंथांतच याच्या विरुद्ध, अग्नी मुखापासून जन्मला म्हणून तो मुखानेच फुंकावा, असेही एक मत आढळते. मुंबईतल्या पारशी अग्यारीत धर्मगुरू पवित्र अग्नीसमोर नाकातोंडावर ‘पदान’ नावाचे पांढरे वस्त्र बांधतात, ते आपल्या श्वासाने आणि लाळेने अग्नी दूषित होऊ नये म्हणून. स्थानकवासी जैन साधूंच्या मुखपट्टीचा हेतू मात्र निराळा आहे. तिच्यामागे वायूतल्या सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये ही अहिंसेची दृष्टी आहे. एका बाजूला वारा शुद्ध, दुसऱ्या बाजूला मुखातला वारा संशयास्पद, आणि या दोहोंमध्ये घराघरांतल्या चुलीजवळची फुंकणी, अशी ही परंपरेची स्थिती आहे. फुंकणीतला वारा मुखातलाच असतो, पण नळीतून गेल्यामुळे मुखाचा संबंध तुटला असे मानले जाते. फुंकून वाजवायच्या बहुतेक वाद्यांचाही असाच बचाव करता येतो, कारण श्वास तेथे एकदा बाहेर पडला की तो नळीचा होतो आणि वादकाकडे परतत नाही.

माउथ ऑर्गनला हा बचाव उपलब्ध नाही, कारण येथे श्वास परततो. या परतण्याचा अर्थ उपनिषदांतल्या प्राणविचाराच्या उजेडात अधिक स्पष्ट होतो. कौषीतकी उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात प्रतर्दनाच्या नावाने एक ‘आंतर अग्निहोत्र’ सांगितले आहे, म्हणजे बाहेर अग्नी न पेटवता शरीराच्या आत अखंड चाललेला होम. माणूस बोलत असतो तोवर त्याला श्वास घेता येत नाही, म्हणून तो तेव्हा प्राणाची आहुती वाणीत देत असतो. आणि श्वास घेत असतो तोवर बोलता येत नाही, म्हणून तेव्हा वाणीची आहुती प्राणात पडत असते. या दोन आहुती जागेपणी आणि झोपेतही थांबत नाहीत, आणि त्यांच्यापुढे इतर कर्मकांडातल्या आहुतींना अंत आहे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायातही प्राण आणि अपान यांच्या सांध्याला, ज्याला तेथे व्यान म्हटले आहे, वाणीचे स्थान मानले आहे, आणि म्हणून माणूस बोलतो किंवा साम गातो तेव्हा तो श्वास सोडतही नसतो आणि घेतही नसतो असे सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी गृहीत एकच आहे: नाद आणि श्वास यांच्यात आलटून पालटून त्याग चालतो, एक उभा राहिला की दुसरा बाजूला होतो.

ओठांना लावलेल्या या लहानशा वाद्यात हे गृहीत उलटे होते. गळ्यातून निघणाऱ्या गाण्यात श्वास घेण्याचा क्षण हा नादाच्या अभावाचा क्षण असतो आणि गायक तो लपवायला शिकतो. येथे तोच क्षण सुराचा असतो. षड्ज चौथ्या छिद्रात फुंकून मिळतो आणि ऋषभ त्याच छिद्रातून श्वास ओढून मिळतो, त्यामुळे सप्तक चढताना वादकाचे फुप्फुस सुराबरोबर भरत आणि रिकामे होत राहते. प्रतर्दनाच्या होमातल्या दोन आहुतींपैकी जी मूक होती तिलाही येथे वाणी मिळते. मात्र त्याबरोबर एक बंधनही येते, आणि ते या वाद्याच्या तत्त्वज्ञानातले सर्वांत महत्त्वाचे अंग आहे: वादकाने वाद्यात जे सोडले आहे ते पुढच्याच मात्रेला त्याला परत आत घ्यावे लागते. वाद्य मलिन राहिले तर तो मळ प्रथम त्याच्याच छातीत जातो. हा धोका केवळ कल्पनेतला नाही. इंग्लंडमधल्या एका बॅगपाइपवादकाच्या फुप्फुसाच्या जीवघेण्या आजाराचा संबंध त्याच्या वाद्यात वाढलेल्या बुरशीशी असावा, असा अहवाल तेथील डॉक्टरांनी २०१६ साली प्रसिद्ध केला होता.

येथे शौच या संकल्पनेकडे वळावे लागते. पतंजलीच्या योगसूत्रांत शौच हा नियमांपैकी पहिला आहे, आणि साधनपादात त्याचे फळ सांगताना प्रथम स्वतःच्या शरीराविषयी जुगुप्सा आणि इतरांशी संसर्ग नकोसा वाटणे हे येते, तर त्यानंतरच्या सूत्रात चित्ताची शुद्धी, प्रसन्नता, एकाग्रता, इंद्रियजय आणि आत्मदर्शनाची योग्यता यांचा उल्लेख येतो. भाष्यकारांनी पहिल्या फळाचे समर्थन असे केले आहे की, शरीर कितीही धुतले तरी ते पुन्हा मळते हे पाहून साधकाची त्यावरची आसक्ती सुटते. निरीक्षण खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष एकच असू शकतो असे मानण्याची गरज नाही. वाद्य पुन्हा पुन्हा मळते हे पाहून वादकाला त्याचा वीट येत नाही. त्याला कळते ते एवढेच की, ज्या श्वासाने सूर निघाला त्याच श्वासाने ओल आली, आणि सूर हवा असेल तर ओल येणारच. मळ येथे बाहेरून आलेला शत्रू नसतो, तो वादनाचाच अवशेष असतो. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टाला उद्देशून एक संपूर्ण सूक्त आहे, आणि यज्ञात उरलेल्या या शेषावर नाम, रूप आणि सारे विश्व आधारलेले आहे असे त्यात मानले आहे. उरलेले म्हणजे टाकाऊ, हे समीकरण वैदिक विचारात सर्वत्र नव्हते याचा हा ठळक पुरावा आहे. पतंजलीच्या दुसऱ्या फळापर्यंत, म्हणजे प्रसन्नता आणि एकाग्रता यांच्यापर्यंत, जुगुप्सेच्या वाटेवाचूनही पोहोचता येते, असे नियमाने वाद्याची देखभाल करणाऱ्या माणसाकडे पाहून म्हणावेसे वाटते.

या मताला एक बळकट आधार जपानमध्ये सापडतो. मोकळ्या जिभेचे तत्त्व युरोपात पोहोचण्याच्या कितीतरी आधी चीनमधल्या ‘शेंग’ या वाद्यात रुळलेले होते, आणि तेथून ते जपानमध्ये जाऊन ‘शो’ या नावाने दरबारी आणि देवळातल्या ‘गागाकु’ संगीताचा भाग झाले. बांबूच्या सतरा नळ्यांच्या या वाद्यातही श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना असे दोन्ही वेळा सूर निघतात. शिंतो धर्म अशुद्धीविषयी अत्यंत जागरूक आहे. देवस्थानात शिरण्यापूर्वी उपासक हात धुतो आणि चूळ भरतो. तरीही तेथे हे मुखवाद्य देवासमोर वाजते. ते वाजवणारा शेजारी निखाऱ्यांचे भांडे किंवा आता विजेची लहान शेगडी ठेवतो, आणि वादनाच्या आधी व मधल्या विरामांत वाद्य तिच्यावर हळूहळू फिरवून ऊब देतो, म्हणजे श्वासाचे पाणी रीडवर साचत नाही. अग्नीला मुखापासून दूर ठेवणारी परंपरा आणि मुखाच्या ओलीवर अग्नीचाच उपाय करणारी परंपरा या दोन्ही शुद्धीविषयी तितक्याच गंभीर आहेत. त्यांतला फरक असा की, दुसरीने श्वासाची ओल हे वादनातले रोजचे काम मानले आणि त्या कामाला विधीच्या आत जागा दिली.

महाराष्ट्रात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. बासरी कृष्णाच्या ओठांवर आहे आणि तिला कोणी उष्टी म्हणत नाही. सनई मंगल मानली जाते, पण सनई-चौघड्याचा नगारखाना देवळाच्या महाद्वारावर असतो, गाभाऱ्याजवळ नसतो, आणि ती वाजवण्याचे काम परंपरेने ठरावीक जातींकडे राहिले. अनेक घरांत आणि देवळांत वाजवायचा शंख वेगळा आणि देवावर पाणी घालायचा शंख वेगळा ठेवतात. पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे माउथ ऑर्गनचेच भावंड आहे. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं यांनी १८४२ साली एकस्व घेतलेल्या या वाद्यातही पितळी रीडच वाजतात, फक्त त्यांना वारा भात्याचा मिळतो. पेटी कीर्तनात, भजनात आणि देवघरापर्यंत पोहोचली, तर माउथ ऑर्गन शाळकरी मुलांच्या खिशात आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात राहिला. ‘दोस्ती’ या १९६४ सालच्या चित्रपटात तो वाजवणारे राहुलदेव बर्मन होते. यामागे केवळ उष्ट्याची भावना होती असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण पेटीला गायकाची साथ करता येते आणि ती वाजवणाऱ्याचे तोंड गाण्यासाठी मोकळे राहते, ही कारणेही तितकीच खरी आहेत. तरी भाता मध्ये आल्याने मुखाचा प्रश्न उद्भवलाच नाही, एवढे नक्की.

उच्छिष्टविचारातली उच्चनीचता कोठे दडलेली आहे हे पाहायचे असेल, तर गुरुशिष्यांचे उदाहरण घ्यावे. आपस्तंब धर्मसूत्रात गुरूने खाऊन उरलेले अन्न शिष्याने खाणे हे यज्ञातला हविःशेष खाण्यासारखे मानले आहे. शिष्याचे उरलेले गुरूने खावे असे मात्र कोठेही नाही. देवाकडून भक्ताकडे, गुरूकडून शिष्याकडे, पतीकडून पत्नीकडे, असा उष्ट्याचा प्रवाह एकाच दिशेने, वरून खाली वाहतो. वर जाताना तो दोष ठरतो आणि खाली येताना प्रसाद. शबरीच्या उष्ट्या बोरांची कथा लोकमानसाला इतकी जिवाभावाची वाटली ती ही दिशा तेथे उलटली म्हणून. ही कथा वाल्मीकीच्या रामायणात नाही. ती मागाहून भक्तिपरंपरेने वाढवली, आणि याचा अर्थ असा की, त्या उलटण्याची गरज लोकांनाच भासली होती. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी आपल्या अभंगांतून याहून मूलगामी प्रश्न विचारला: ज्या विटाळातून प्रत्येक शरीर घडते त्याच्याबाहेरचे एकही शरीर नसेल, तर सोवळे कोणाला म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात नाही आणि ते असू शकत नाही, कारण ते प्रकरण वस्तूंविषयी आहे आणि प्रश्न माणसांविषयी.

माउथ ऑर्गन शिकवताना मात्र हा प्रश्न रोज टेबलावर येतो. पेटी शिकवणारा गुरू शिष्याच्या पेटीवर सहज बोटे ठेवून चूक दाखवू शकतो. माउथ ऑर्गन शिकवणाऱ्याला शिष्याचे वाद्य हातात घेऊन तसे करता येत नाही, म्हणून दोघांनी आपापले वाद्य आणायचे असते. वरवर पाहता हा सोवळ्याचाच नियम वाटतो, पण त्यात दिशा नाही. शिष्याने गुरूचे वाद्य तोंडाला लावू नये तसेच गुरूने शिष्याचे लावू नये, आणि याचे कारण दोघांसाठी एकच आहे, ते म्हणजे दुसऱ्याच्या श्वासाचा ओला अवशेष पुढच्या मात्रेला आपल्या छातीत जाणार असतो. दुरुस्तीसाठी किंवा वाद्याचा कस पाहण्यासाठी हा नियम मोडावाच लागला, तर वय, जात, ज्ञान यांतले काहीही त्या कामी येत नाही. जो कोणी वाद्य पुढच्याच्या हाती देणार असतो त्याने झाकणे उघडायची, पट्ट्या आणि छिद्रांची कड मद्यार्काने पुसायची, ब्रश रिव्हेटकडून टोकाकडे फिरवायचा, सारे पूर्ण सुकू द्यायचे आणि मगच स्क्रू परत बसवायचे.